क्षिप्रेकाठी विसावलेला राठोड

इंदूरहून रतलामकडे जाताना फतियाबाद चंद्रावतीगंज नावाचे रेल्वेचे जंक्शन लागते. उज्जैनपासून ते वीस-बावीस किलोमीटरवर आहे. शेजारी गंभीर नदी आणि धर्मत नावाचे लहानसे गाव. एप्रिल १६५८ मध्ये याच रानात औरंगजेबाने तख्ताच्या झगड्यातली आपली पहिली मोठी लढाई जिंकली आणि विजयाची खूण म्हणून इथे फतेहाबाद वसवले. दिल्लीच्या तख्ताचा निकाल पुढे आग्र्याजवळ सामूगढला लागला, पण त्याची सुरुवात उज्जैनच्या वेशीवर झाली होती.

शाहजहानच्या आजारपणाची बातमी फुटली आणि चार शाहजाद्यांत झुंज जुंपली. दख्खनेतून औरंगजेब आणि गुजरातेतून मुराद असे दोघे माळव्यात एकत्र येत होते. त्यांना अडवायला आग्र्याहून मारवाडचा महाराजा जसवंतसिंह राठोड आणि कासिम खान यांना पाठवले गेले. जसवंतसिंहाने फौज उभी केली ती खाचखळग्यांनी आणि दलदलीने अडलेल्या अरुंद जागेत. समोर औरंगजेबाचा कसलेला तोफखाना होता. राजपूत घोडेस्वार लाटेमागून लाट त्या तोफांवर जाऊन आदळले. कोटाचा मुकुंदसिंह हाडा, रतलामचा रतनसिंह राठोड, अर्जुन गौड, दयालदास झाला, सुजानसिंह सिसोदिया असे सरदार एकेक करून पडले. कासिम खानाची माणसे बव्हंशी नुसती उभी राहिली. जखमी जसवंतसिंहाला त्याच्याच लोकांनी घोड्याचा लगाम धरून रणाबाहेर काढले.

लढाईच्या आदल्या रात्रीची एक हकिगत आहे. काळोखात छापा घालून औरंगजेबाच्या तोफा ताब्यात घ्याव्यात, अशी सूचना जसवंतसिंहाच्या एका विश्वासू सरदाराने केली. महाराजाने ती धुडकावली. रात्री छापा घालणे, कपटाने जिंकणे हे राजपुताला शोभत नाही, असे त्याचे म्हणणे होते. दुसऱ्या दिवशी त्याच तोफांनी त्याच्या सैन्याची चाळण केली. रतनसिंहाच्या मरणावर खिडिया जगा या चारणाने ‘वचनिका’ रचली, ती राजस्थानी साहित्यात अमर झाली. मारवाडच्या पदरात मात्र पराभवच पडला.

मारवाडी परंपरेनुसार या लढाईत वीस वर्षांचा एक तरुणही होता. एकामागून एक घोडे त्याच्याखाली पडले, तरी तो लढत राहिला असे सांगतात. त्याचे नाव दुर्गादास. साठ वर्षांनी, १७१८ च्या नोव्हेंबरात, याच उज्जैनमध्ये क्षिप्रेच्या काठी तो वारला. चक्रतीर्थावर त्याची लाल दगडाची छत्री आहे. या साठ वर्षांतली जवळजवळ तीस त्याने औरंगजेबाशी झगडण्यात घालवली. त्या काळात त्याने रात्रीचे छापे घातले, वेषांतरे केली, माणसे लपवली, रसद तोडली, तह केले आणि मोडले. धर्मतला जे जे वर्ज्य मानले गेले ते सारे त्याने केले. मराठी वाचकाला ही रीत ओळखीची वाटेल, आणि ओळख निव्वळ योगायोगाची नाही. या माणसाच्या आयुष्यातली सहा वर्षे महाराष्ट्रात गेली आहेत.

दुर्गादास राजा नव्हता. मोठा जहागीरदारही नव्हता. १६३८ मध्ये सालवा गावी त्याचा जन्म झाला. वडील आसकरण जसवंतसिंहाच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते, पण आई नवऱ्याच्या मर्जीतून उतरलेली. ती मुलाला घेऊन लुणावा गावात शेतीवर राहिली, अशी परंपरा आहे. पोरगा मोठा झाला तो वाड्यात नव्हे, बांधावर. एकदा राजाच्या उंटांनी उभे पीक तुडवले आणि जाब विचारल्यावर उंट राखणाऱ्या राईक्याने उलट राजाचीच टवाळी केली, तेव्हा दुर्गादासाने त्याला तिथेच कापला. दरबारात उभा केल्यावर त्याने काहीच नाकारले नाही. जसवंतसिंहाने शिक्षा करण्याऐवजी त्याला चाकरीत घेतले. हा पोरगा एक दिवस मारवाड सावरील, असे महाराज म्हणाले, असेही पुढे जोडतात. अशी भाकिते बहुधा नंतरच रचली जातात. तरुणाला चाकरी मिळाली, एवढे खरे मानायला हरकत नाही.

जसवंतसिंह मराठी इतिहासात एकदा डोकावून गेलेला आहे. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी पुण्याच्या लाल महालात शायिस्ताखानाची बोटे उडवली, तेव्हा जसवंतसिंहाची छावणी सिंहगडाच्या वाटेवरच पडलेली होती. दुसऱ्या दिवशी तो समाचाराला गेला तेव्हा खानाने त्याला टोमणा मारला, की गनीम माझ्यावर चालून आला तेव्हा मला वाटले, महाराज आधीच लढून कामी आले असतील. मोगल इतिहासकार खाफीखानाने ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. पुढे जसवंतसिंहाने कोंढाण्याला वेढा घातला आणि १६६४ च्या मे महिन्यात हात हलवीत तो उठवला. औरंगजेबाचा त्याच्यावर कधीच विश्वास बसला नाही. अखेर त्याला पार खैबरच्या तोंडाशी जमरूदला नेमले गेले आणि तिथेच २८ नोव्हेंबर १६७८ रोजी तो वारला. मुलगे त्याच्या आधीच गेले होते. दोन राण्या गरोदर होत्या.

बादशहाने वाट पाहिली नाही. मारवाड खालसा झाले, जोधपुरात बादशाही अंमलदार बसले, देवळे पाडली गेली. फेब्रुवारी १६७९ मध्ये लाहोरला दोन्ही राण्या बाळंत झाल्या आणि दोन मुलगे जन्मले. धाकटा दलथंभण लगेच दगावला, अजितसिंह जगला. त्याच वर्षी २ एप्रिलला औरंगजेबाने जिझिया पुन्हा बसवला. मेमध्ये जसवंतसिंहाच्या थोरल्या भावाचा नातू, नागोरचा इंद्रसिंह, याच्याकडून छत्तीस लाख रुपये नजराणा घेऊन त्याला मारवाडची गादी दिली. आणि तान्ह्या अजितसिंहाला दिल्लीच्या जनानखान्यात वाढवायचे फर्मान काढले. राठोडांना त्याचा अर्थ स्वच्छ दिसत होता. पोर तिथे गेले तर मारवाडचा वारस संपला.

जुलै १६७९ मध्ये राठोडांची तुकडी दिल्लीत किशनगढच्या रूपसिंहाच्या हवेलीत उतरलेली होती. पंधरा तारखेला कोतवालाची फौज हवेलीभोवती आली. भाटी रघुनाथाने शंभरेक स्वार घेऊन दरवाजा उघडला आणि थेट वेढ्यावर झेप घेतली. तो आणि त्याची माणसे दीडेक तास दिल्लीच्या गल्ल्यांत लढून मेली. तेवढ्या वेळात दुर्गादास बाळाच्या मंडळींना घेऊन शहराबाहेर कितीतरी कोस निघून गेला होता. पाठलाग जवळ आला तसा रणछोडदास जोधा मागे थांबला आणि कामी आला. मग दुर्गादास स्वतः उलट फिरला. संध्याकाळ झाली, बादशाही स्वार थकून परतले, आणि जखमी दुर्गादास मूठभर सोबत्यांनिशी पुढच्या मंडळींना जाऊन मिळाला. एकाने मरायचे म्हणजे पुढचा निसटेल, असा हा हिशेब तीनदा मांडला गेला. मरण्याची हौस राजपुतांत धर्मतलाही होती. फरक एवढाच, की या वेळी प्रत्येक मरणाच्या बदल्यात काही कोस पदरात पडत होते.

बाळ बाहेर कसे पडले याबद्दल लोककथा निराळ्या आहेत. मुकुंददास खीची गारुड्याच्या वेषात टोपलीतून त्याला घेऊन गेला म्हणतात, आणि गोरा धाय या दाईने पाळण्यात आपले मूल ठेवले म्हणतात. जोधपुरात गोरा धायचे नाव आजही आदराने घेतात. औरंगजेबाच्या हाती एक मूल लागले खरे. तोच अजितसिंह असे जाहीर करून त्याला ‘मुहंमदी राज’ या नावाने महालात वाढवले गेले. १६८८ मध्ये विजापूरला प्लेगने ते पोर गेले. खरा अजितसिंह इकडे सिरोहीच्या डोंगरात, कालिंद्री गावच्या जयदेव नावाच्या पुष्करणा ब्राह्मणाच्या घरी वाढत होता.

मारवाडचे युद्ध त्यानंतर पेटले ते वाळवंटाच्या तऱ्हेने. जोधपूर, मेडता, जालोर इथे बादशाही ठाणी बसली, पण ठाण्याच्या भिंतीबाहेर अंमल राठोडांच्या टोळ्यांचा. पिके जाळायची, काफिले लुटायचे, फौज आली की अरवलीत किंवा रेतीत नाहीसे व्हायचे. मेवाडचा महाराणा राजसिंहही त्यांना मिळाला. जानेवारी १६८० मध्ये मोगलांनी उदयपूर घेतले तर शहर ओस पडलेले होते. राणा आपली माणसे घेऊन डोंगरात गेला होता.

इथेच दुर्गादासाच्या डोक्याची चुणूक दिसते. त्याने आणि राजसिंहाने बादशहाच्या घरातच फट शोधली. मेवाड-मारवाडच्या मोहिमेवर असलेला शाहजादा अकबर तेव्हा तेविशीचा होता. औरंगाबादेतला बीबी का मकबरा ज्या दिलरस बानूचा, तिचा हा धाकटा मुलगा. त्याच्या जन्मानंतर महिन्याभरातच ती गेली. बापाच्या तक्रारीच्या पत्रांनी तो वैतागलेला होता. राजपुतांना दुखावून बादशाही टिकणार नाही, हे त्याला पटवून दिले गेले आणि त्याचा सरदार तहव्वुर खान याच्या मध्यस्थीने सौदा ठरला. राजसिंह मध्येच वारला, तरी बेत मोडला नाही. जानेवारी १६८१ च्या पहिल्या दिवशी नाडोलला अकबराने स्वतःला बादशहा जाहीर केले.

औरंगजेब त्या वेळी अजमेरात होता आणि त्याच्याजवळ जेमतेम दहाएक हजार माणसे होती. नाडोलहून अजमेर काही फार लांब नाही. अकबर मात्र ज्योतिषांना मुहूर्त विचारत आणि दरबार भरवीत पंधरवडाभर रमतगमत आला. तेवढ्यात बादशहाकडे ठिकठिकाणच्या फौजा गोळा झाल्या. लढाईच्या आदल्या रात्री औरंगजेबाने मुलाच्या नावे एक पत्र लिहिले. राजपुतांना बरोबर जाळ्यात आणल्याबद्दल त्यात शाबासकी होती, आणि ते पत्र दुर्गादासाच्या हाती पडेल अशीच व्यवस्था होती. दुर्गादास खुलासा विचारायला गेला तर शाहजादा झोपलेला, उठवायला परवानगी नाही. तहव्वुर खानाला बोलावू पाहिले तर तो आधीच बादशहाच्या छावणीत गेला होता, आणि तिथे मारला गेला होता. राजपुतांना पत्र खरे वाटले. मध्यरात्री घोड्यांवर जीन कसून ते निघून गेले. सकाळी अकबर उठला तेव्हा भोवती मोजकी माणसे उरली होती.

औरंगजेबाची ही सर्वात स्वस्तात मिळालेली फत्ते म्हणावी लागेल. एक कागद खर्ची पडला.

दोन दिवसांत दुर्गादासाला डाव कळला. अकबर आता त्याच्या काही कामाचा राहिला नव्हता. त्याला बापाच्या स्वाधीन करून मारवाडसाठी काही सवलती पदरात पाडून घेता आल्या असत्या. दुर्गादासाने उलट केले. शब्द दिला आहे म्हणून शाहजाद्याला आश्रय दिला, त्याची दोन लेकरे, मुलगी सफियतुन्निसा आणि मुलगा बुलंद अख्तर, मारवाडातच ठेवून घेतली, आणि राजस्थानात जागा नाही असे दिसताच पाचशे राठोड घेऊन तो दक्षिणेकडे निघाला. सगळ्या नाक्यांवर पहारे होते. डुंगरपूर, बांसवाडा, माळवा, नर्मदा, खानदेश, बागलाण असे चकवे देत जून १६८१ च्या आरंभी ही मंडळी कोकणात उतरली.

गादीवर येऊन संभाजी महाराजांना जेमतेम वर्ष होत होते. सुधागडाच्या पायथ्याशी, पालीजवळ, धोंडसे गावी शाहजाद्याची सोय केली गेली. कोकणातला पावसाळा आणि गवताने शाकारलेली घरे पाहून दिल्लीच्या त्या राजपुत्राला काय वाटले असेल याची कल्पनाच केलेली बरी. त्यातच अण्णाजी दत्तो आणि सोयराबाईंच्या पक्षाने अकबरालाच आपल्या कटात ओढण्याचा प्रयत्न केला. अकबराने ते संभाजी महाराजांच्या कानावर घातले आणि कट करणाऱ्यांची डोकी उडाली. पाहुण्याच्या निष्ठेची परीक्षा त्यात झाली. नोव्हेंबरात पालीच्या परिसरातच संभाजी महाराज आणि अकबर यांची भेट झाली, दुर्गादास अर्थातच सोबत होता.

संभाजी महाराजांनी आमेरच्या रामसिंहाला, म्हणजे मिर्झाराजे जयसिंहाच्या मुलाला, संस्कृतात लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात अकबर आणि दुर्गादास या दोघांचा उल्लेख येतो. आम्ही यांना आश्रय दिला आहे, तुम्हीही धीर धरून यात उतरा, असा त्याचा रोख. रामसिंह उतरला नाही. दक्षिणेतल्या राजाने संस्कृतात लिहावे, पत्र राजस्थानातल्या राजाला जावे आणि विषय मोगल शाहजाद्याला तख्तावर बसवण्याचा असावा, हे सतराव्या शतकाचे राजकारण धर्माच्या सरळ रेघांत बसवू पाहणाऱ्यांनी सावकाश वाचावे असे आहे.

सहा वर्षे अकबर इथे राहिला, आणि पदरात फारसे काही पडले नाही. मराठी घोडदळ घेऊन आपण उत्तरेत घुसावे असा त्याचा हट्ट होता. संभाजी महाराजांसमोर एकाच वेळी जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज आणि खुद्द औरंगजेब उभा होता. १६८३ च्या अखेरीस मराठ्यांनी साष्टी आणि बारदेशवर धाड घातली, तेव्हा पोर्तुगिजांशी बोलणी करण्यात अकबर आणि दुर्गादास मध्यस्थ होते, एवढाच काय तो त्या काळातला ठळक कारभार. संधी दवडल्याचा दोष संभाजी महाराजांना देण्याची रीत जुनी आहे. पण ज्याला अजमेरपर्यंत पोचायला पंधरा दिवस लागले, त्याच्या भरवशावर रायगड उघडा टाकून दिल्लीवर जायचे, हा सल्ला देणे आज सोपे आहे. फेब्रुवारी १६८७ मध्ये राजापूरहून एका इंग्रज कप्तानाच्या जहाजावर बसून अकबर मस्कतमार्गे इराणला गेला. तिथून तो परतला नाही.

असे असूनही दुर्गादासाचा दक्षिणेचा फेरा वाया गेला असे म्हणवत नाही. अकबर संभाजी महाराजांपाशी पोचला आणि औरंगजेबाने मेवाडशी घाईघाईने तह उरकून सप्टेंबर १६८१ मध्ये अजमेर सोडले. विजापूर, गोवळकोंडा आणि मराठे हे दक्षिणेतले हिशेब त्याला चुकते करायचे होतेच, पण स्वतः, तातडीने, सारा दरबार घेऊन येण्याचे निकडीचे कारण हा मुलगा होता. नोव्हेंबरात तो बऱ्हाणपूरला आला, पुढच्या मार्चमध्ये औरंगाबादेला, आणि पुन्हा कधी उत्तरेत गेला नाही. महाराष्ट्राने सत्तावीस वर्षांच्या युद्धाची किंमत मोजली, मारवाडला श्वास घ्यायला फुरसत मिळाली. ही दोन युद्धे आपण वेगळ्या पुस्तकांत वाचतो. त्या वेळच्या बादशाही खजिन्याला ती एकच होती.

राजस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या कर्नल टॉडने एक गोष्ट दिली आहे. औरंगजेबाने आपल्या दोन बलाढ्य वैऱ्यांची चित्रे काढवली: शिवाजी महाराज बैठकीवर बसलेले, आणि दुर्गादास घोड्यावरच, भाल्याच्या टोकाला जवाची भाकर टोचून शेकोटीवर भाजत असलेला. बादशहा म्हणे दुसऱ्या चित्रालाच जास्त भ्याला. कालगणनेला ही गोष्ट बेतानेच बसते. शिवाजी महाराज एप्रिल १६८० मध्ये गेले, तोवर दुर्गादासाचे नाव जेमतेम वर्षभर गाजलेले. पण भाकरीचा तपशील लोकांनी नेमका पकडला आहे. चूल मांडायला ज्याच्यापाशी ठिकाणच नाही, त्याचे ठिकाण जिंकणार कसे?

१६८७ मध्ये दुर्गादास मारवाडात परतला तेव्हा अजितसिंह आठ वर्षांचा होता आणि त्याच वर्षी त्याला सरदारांपुढे आणले गेले होते. पुढची वर्षे छाप्यांची आणि तहांची. १६९० मध्ये अजमेरच्या सफीखानाचा त्याने पराभव केला. गुजरातचा सुभेदार शुजाअत खान व्यवहारी माणूस होता. मारवाडातून जाणाऱ्या व्यापारी मालाच्या जकातीचा चौथा हिस्सा राठोडांना द्यायचा आणि त्यांनी काफिल्यांना हात लावायचा नाही, अशी त्याने तडजोड केली. चौथाई या गोष्टीचे महाराष्ट्राला नावीन्य नाही. १६९६ मध्ये मेवाडच्या राणाने आपली पुतणी अजितसिंहाला दिली. सिसोदियांनी लेक दिली म्हटल्यावर हाच खरा अजितसिंह की तोतया, ही कुजबूज कायमची बंद झाली. हजार स्वारांच्या लढाईने जे झाले नसते ते एका लग्नाने झाले.

औरंगजेब थकत चालला होता आणि त्याच्या मनाला एकच टोचणी होती: नातवंडे काफरांच्या घरी वाढत आहेत. मध्यस्थी केली पाटणच्या ईश्वरदास नागराने. हा मोगलांच्या चाकरीतला नागर ब्राह्मण, त्याने पुढे ‘फुतूहात-ए-आलमगिरी’ हा इतिहास लिहिला. आधी सफियतुन्निसा आजोबांकडे आली. रानावनात वाढलेल्या नातीला धर्माचे शिक्षण द्यायला हवे म्हणून बादशहाने शिक्षिका नेमायचे बोलून दाखवले. मुलीने सांगितले की दुर्गादासाने अजमेरहून मुसलमान शिक्षिका आणवली होती आणि आपल्याला कुराण पाठ आहे. ज्याच्या देशातली देवळे पाडली गेली त्याने शत्रूच्या नातीसाठी ही व्यवस्था केली होती, तीही स्वतः डोंगराडोंगरांतून पळत असताना. म्हाताऱ्या बादशहाने ईश्वरदासाला विचारले, दुर्गादासाला काय हवे?

१६९८ मध्ये बुलंद अख्तरला घेऊन दुर्गादास स्वतः आला. भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला, माचणूरजवळ, बादशहाचा तळ होता. त्याला इस्लामपुरी नाव दिलेले. मंगळवेढे-पंढरपूरच्या त्या मुलखात, जिथे मराठे रोज छावणीच्या कडेने घिरट्या घालत होते, तिथे हे दोन वैरी समोरासमोर आले. दरबारात शस्त्राविना यावे असा हुकूम झाला तेव्हा दुर्गादासाने मुकाट्याने तलवार सोडली. ते पाहून बादशहाने शस्त्रांसह आत घ्यायला सांगितले. त्याला तीन हजारी मनसब, मेडत्याची जहागीर आणि पाटणची फौजदारी मिळाली. अजितसिंहाला जालोर, सांचोर आणि सिवाणा. जोधपूर मात्र मिळाले नाही, आणि तेच तर मागायचे होते.

तह फार टिकला नाही. १७०१-०२ च्या सुमाराला शाहजादा आजम गुजरातचा सुभेदार झाला आणि दुर्गादासाला पकडावे किंवा मारावे असा हुकूम त्याला आला. दुर्गादासाला अहमदाबादेला बोलावले गेले. साबरमतीच्या काठी त्याचा तळ. त्या दिवशी एकादशी होती, पारणे झाल्यावर भेटीला येतो असा त्याने निरोप पाठवला. शाहजाद्याची घाई वाढत चालली तसा त्याला वास आला. तंबू जाळून तो निघाला. पाठलाग करणाऱ्यांना त्याच्या नातवाने अडवून धरले आणि तो पोरगा तिथेच पडला. दुर्गादास तेव्हा साठी ओलांडलेला होता.

मार्च १७०७ मध्ये नगरजवळ भिंगारला औरंगजेब वारला. बातमी मिळताच अजितसिंहाने जोधपूरवर चाल केली, बादशाही फौजदार पळाला आणि मेहरानगडाचे दरवाजे अठ्ठावीस वर्षांनी राठोडांना उघडले. गंगाजल आणि तुळस शिंपडून गड शुद्ध केला गेला. नव्या बादशहाने, बहादुरशहाने, पुन्हा डोळे वटारले. पण १७०८ मध्ये तो दक्षिणेकडे निघाला असताना नर्मदेजवळच्या छावणीतून अजितसिंह आणि आमेरचा सवाई जयसिंह यांना दुर्गादासाने शिताफीने बाहेर काढले, उदयपूरला नेऊन तिन्ही घराण्यांची एकी घडवली, आणि वर्ष संपायच्या आत सांभरला मोगलांचा पराभव झाला. त्याची ही शेवटची मोठी कामगिरी.

मग काय बिघडले? मारवाडातली एक हकिगत अशी की सांभरच्या मुक्कामी दुर्गादासाने आपला तंबू राठोडांच्या रांगेबाहेर वेगळा ठोकला. अजितसिंहाने रांगेत यायला सांगितले तेव्हा तो म्हणाला, माझे थोडे दिवस उरले, रांगेत माझी पोरे उभी राहतील. राजाला हे झोंबले असणार. तीस वर्षांच्या अजितसिंहाला आपल्या गादीचे ऋण ज्याच्या नावे लिहिले आहे असा माणूस रोज समोर दिसत होता. कान भरणारे दरबारात नेहमीच असतात. पण मला वाटते, एवढ्यावर सगळा दोष टाकून चालणार नाही. दुर्गादासाला राज्य मिळवता येत होते. मिळालेल्या राज्यात मानकऱ्याच्या जागी बसणे त्याच्या अंगवळणी पडलेले नव्हते. त्याने मारवाड सोडले.

उदयपूरच्या राणाने त्याला आदराने ठेवून घेतले, विजयपूरची जहागीर दिली आणि पुढे माळव्याच्या सीमेवरच्या रामपुऱ्याचा कारभार सोपवला. तिथून तो उज्जैनला आला. क्षिप्रेकाठी मरावे ही इच्छा त्या काळच्या कुठल्याही श्रद्धाळू म्हाताऱ्याची असू शकते. २२ नोव्हेंबर १७१८ रोजी, ऐंशी पुरी करून, तो गेला. चक्रतीर्थ हे उज्जैनचे स्मशान. त्याच्या छत्रीच्या आसपास आजही चिता जळतात. जोधपूरच्या राजांच्या छत्र्या मंडोरला एका रांगेत आहेत. तो तिथे नाही. भारत सरकारने २००३ मध्ये त्याच्या नावाचे रुपयाचे नाणे काढले, त्याच्याही किती आधी, १९०६ मध्ये, द्विजेंद्रलाल राय यांनी बंगालीत त्याच्यावर नाटक लिहिले होते. मराठी रंगभूमीला कोकणात राहून गेलेला हा माणूस का खुणावू नये, याचे मला कोडे आहे.

त्याच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १७१९ मध्ये, दिल्लीत विलक्षण गर्दी झाली. दरबारावर वचक असलेल्या सय्यद बंधूंपैकी हुसेन अलीबरोबर बाळाजी विश्वनाथ पेशवे मराठी फौज घेऊन आले होते, आणि अजितसिंह सय्यदांच्या बाजूने लाल किल्ल्यात उभा होता. बादशहा फर्रुखसियर अजितसिंहाचा जावई. सासरा किल्ल्यात असतानाच त्याला जनानखान्यातून ओढून काढून आंधळे केले गेले. दिल्लीच्या बाजारातली पोरे अजितसिंहाला जावयाचा खुनी म्हणून ओरडत. शहरात दंगल उसळली, तीत शेकडो मराठे कापले गेले. नव्या बादशहाच्या पहिल्याच दरबारात अजितसिंहाने आणि सय्यदांचा दिवाण रतनचंद याने आग्रह धरून जिझिया माफ करून घेतला. मुलगी इंद्रकुंवर हिला मोगल जनानखान्यातून काढून, शुद्ध करून, तिच्या साऱ्या संपत्तीसह त्याने जोधपूरला धाडले. बाळाजी विश्वनाथांनी चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेतल्या आणि त्यांच्याबरोबर येसूबाई साताऱ्याला परतल्या. ज्या संभाजी महाराजांनी दुर्गादासाला सुधागडाच्या पायथ्याशी जागा दिली होती, त्यांची ही राणी रायगड पडल्यापासून तीस वर्षे मोगलांच्या कैदेत होती.